बाबांच्या चाकूला धार एकाच अंगाने का?

पत्र (थोडं आटोपतं करून):

«काका, नमस्कार. मी मूळचा लांजा तालुक्यातला, रत्नागिरी जिल्हा. गेली नऊ वर्षं अमेरिकेत ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ राहतो. बाबा ६८ वर्षांचे आहेत. आंबा-काजूची बाग आहे आणि कलमं ते अजून स्वतःच बांधतात. चाळीसेक वर्षं त्यांच्या खिशात एकच घडीचा चाकू आहे. पातं झिजून निम्मं झालंय, मूठ तांब्याच्या तारेने आवळलीय. धार न्हाणीशेजारच्या काळवत्री दगडावर लावतात. हल्ली अंगठा दुखतो म्हणून पातं दाताने उघडतात, आई ओरडत असते. डिसेंबरमध्ये घरी जाईन तेव्हा त्यांना उत्तमातला उत्तम चाकू न्यायचा आहे. ५०० डॉलरपर्यंत तयारी आहे. तीन नावं काढलीत: ख्रिस रीव्हचा सेबेंझा ३१, स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २ आणि बेंचमेडचा बगआउट. मॅग्नाकट पोलाद सगळ्यात भारी असं वाचलं. कुठला घेऊ? भारतात आणता येईल ना? ता.क. बाबा डावरे आहेत, त्याने काही फरक पडतो का? जुन्या चाकूची काय दशा झालीय ते कळावं म्हणून आईने पाठवलेले दोन फोटो जोडतोय.»

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि फोटो त्याहून कितीतरी जास्त वेळा पाहिले. पोलादापासून सुरुवात करायची असं ठरवून बसलो होतो, पण फोटो मोठे करून पाहिले आणि बेत बदलला. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तूच पाठवलं आहेस.

पहिला फोटो बघ. त्यात दिसणाऱ्या अंगाला धारेलगत एक रुंद, चकचकीत पट्टा दिसतो. चांगला चार-पाच मिलिमीटरचा असेल. आता दुसरा फोटो बघ. त्या अंगाला पट्टा अजिबात नाही, पाठीपासून धारेपर्यंत पातं सपाट आहे. कारखान्यातून निघालेल्या साध्या खिशातल्या चाकूला दोन्ही अंगांनी सारखी धार असते. बाबांनी चाळीस वर्षं त्याला एकाच अंगाने धार लावली आहे. दुसरं अंग दगडावर टेकवलं असेल तर फक्त धारेवर उरलेली शेवटची कंगोरी काढण्यापुरतं. टोक बघ, जवळजवळ शाबूत आहे. झीज सगळी मुठीजवळच्या भागात, तिथे पात्याला पोट आत गेल्यासारखा बाक आलाय. म्हणजे हा माणूस टोकाने खुपसत नाही, मुठीजवळच्या धारेने स्वतःकडे ओढून कापतो.

तू ज्याला दशा म्हणतोस तो कलमाचा चाकू आहे. बाजारातून साधा चाकू आणून बाबांनी तो दगडावर घासत घासत आपल्या डाव्या हातासाठी घडवून घेतलाय.

मी तीस वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कठीण करण्याच्या, खात्यात काढली. हत्यार बघून माणूस ओळखायची सवय तिथे लागली. वापरून झिजलेलं पातं म्हणजे त्या हाताची सही असते. म्हणून नवा चाकू निवडताना मी जुन्याची झीज आधी वाचतो.

एका अंगाच्या धारेने होतं काय, ते सांगतो. पाचर कलम किंवा कोयकलम बांधताना काडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप देऊन पाचर करतात आणि ती खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपाच्या, चिरेत बसवतात. तीन-चार सेंटिमीटरचा तो काप एका ओढीत, आरशासारखा सपाट पडला पाहिजे. सालीखालचा हिरवट ओला थर खुंटाच्या तशाच थराला भिडला तर कलम जीव धरतं, मध्ये केसाएवढी फट राहिली तरी काडी सुकते. दोन अंगांची धार लाकडात शिरताना पातं किंचित बाहेर ढकलते आणि काप पन्हाळीसारखा होतो. एका अंगाने धार असली की सपाट बाजू काडीला चिकटून सरळ उतरते. मी दापोलीकडे एका कलमवाल्याच्या शेजारी बसून हे पाहिलंय. पावसाची रिपरिप, मांडीवर ओली गोणी, एक ओढ, काडी उलटवून दुसरी ओढ. काप बोटाने चाचपून बघणंही नाही. चाचपलं तर बोटाचं तेलकट त्याला लागतं, म्हणाला.

आता तुझ्या ता.क.कडे. अरे, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी टाकलीस! डावरेपणाने फरक पडतो, आणि दोन ठिकाणी पडतो. एका अंगाच्या धारेला डावं-उजवं असतं. उजव्या हाताचा कलमाचा चाकू डाव्या हातात दिला की सपाट बाजू नको तिकडे येते आणि पातं काडीवर सरळ उतरत नाही. दुसरा फरक कुलुपाचा, म्हणजे पातं उघडल्यावर ते बोटांवर मिटू नये म्हणून जी अडक असते तिचा. तुझ्या यादीतले तिन्ही चाकू याच कसोटीवर वेगळे पडतात, म्हणून ते एकेक घेतो.

सेबेंझा. ख्रिस रीव्ह दक्षिण आफ्रिकेचे, १९८९मध्ये आयडाहो राज्यात बॉयसीला आले. झुलू भाषेत सेबेंझा म्हणजे काम. मुठीची टायटॅनियमची पट्टीच कापून तिची स्प्रिंग करायची आणि पातं उघडलं की ती पात्याच्या बुडाशी जाऊन अडकेल असं करायचं, ही कल्पना त्यांची. आज निम्मं चाकूजग ती वापरतं. हा चाकू हातात घेतलास तर महाग काय असतं ते कळेल. पातं बंद असताना दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध. उघडताना तेलातून सरकल्यासारखी एकसारखी चाल. टोक चिमटीत धरून हलवलं तर कणभर खडखड नाही. मी कारखान्याच्या टूलरूममधली, साचे-हत्यारं बनवणारी माणसं पाहिली आहेत, हजाराव्या भागापर्यंत माप धरणारी. त्यांच्या हातचं काम असंच असतं आणि त्याला किंमत पडते, पडायलाच हवी. शिवाय सोबत पाना मिळतो. घरी खोलून, पुसून, तेल घालून पुन्हा जोडावा अशीच त्याची बांधणी आहे.

पण ती स्प्रिंग उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी आहे. डावऱ्या माणसाला तर्जनी वाकडी करून ती ढकलावी लागते, आणि मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत बोटं येतात. कंपनी डाव्या हाताचा वेगळा सेबेंझा बनवते, तो मागवता येतो. तरी अडचण संपत नाही. तो उघडायला पात्यावरच्या लहानशा खुंटीवर अंगठ्याने जोर द्यावा लागतो, आणि बाबांचा नेमका अंगठाच दुखतोय. जो माणूस दाताने चाकू उघडतो त्याला ही घट्ट, रुबाबदार चाल दोन दिवसांत नकोशी होईल.

पॅरामिलिटरी २. स्पायडर्को ही कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची कंपनी. पात्याला मोठं गोल भोक, त्यात अंगठा घालून उघडायचं. ही सोय दोन्ही हातांना सारखी आणि खुंटीपेक्षा अंगठ्याला पुष्कळ सुसह्य. कुलूप मात्र पाठीकडे आहे. डाव्या हाताने ते जमतं, सवय करावी लागते. चाकू म्हणून उत्तम, पण मूठ लांबरुंद आहे. लेंग्याच्या नाहीतर अर्ध्या चड्डीच्या खिशात ती दिवसभर मांडीला टोचेल.

बगआउट. हा तुझ्या घराशेजारचा. बेंचमेडचा कारखाना ऑरेगन सिटीत आहे. पोर्टलंडच्या आसपास चाकू-हत्यारांच्या इतक्या कंपन्या आहेत (लेदरमन पोर्टलंडची, कर्शॉ ट्युअॅलटिनची) की तू या बाबतीत नशीबवान आहेस. जाऊन हातात घेऊन बघ. बगआउटचं कुलूप म्हणजे मुठीत आडवी बसवलेली एक पोलादी कांडी. तिची दोन टोकं दोन्ही अंगांना बाहेर येतात, त्यामुळे डावं-उजवं हा प्रश्नच उरत नाही. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही, की कांडी मागे ओढून धरली की पातं मोकळं होऊन आपोआप झुलतं, उघडायला आणि मिटायलाही अंगठ्याचा जोर लागत नाही. वजन सुमारे ५२ ग्रॅम, खिशात आहे की नाही कळणारही नाही. दिसायला तिघांत साधा, मूठ प्लास्टिकची, दाबली तर किंचित लवते. किंमत सेबेंझाच्या निम्म्याहून कमी. तुझ्या बाबांच्या हातासाठी या तिघांत हाच.

आता पोलादाचं. मॅग्नाकट चांगलंच आहे. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने ते खास चाकूंसाठी बेतलं, २०२१मध्ये बाजारात आलं. धार टिकते, पातं चिवट राहतं आणि गंज फारसा धरत नाही. हे तीन गुण एकत्र मिळणं दुर्मीळ, आणि खाऱ्या हवेत तिसऱ्याची किंमत कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण पोलादाचं नाव ही अर्धीच गोष्ट. आपले लोहार म्हणतात ना, पात्याला पाणी कसं दिलंय ते बघ. तापवणं, विझवणं आणि मग मंद आचेवर उतरवणं, यातच पात्याचा स्वभाव ठरतो. आमच्या खात्यात एकाच सळईतून कापलेले डी-२ नावाच्या पोलादाचे दोन पंच (पत्र्याला भोक पाडायचे ठोकळे) होते. एक विझवल्यावर लगेच पुढच्या भट्टीत गेला. दुसरा पाळी बदलण्याच्या गडबडीत माझ्याच्याने टेबलावर राहून गेला. सकाळी येऊन बघतो तर कुणी हात न लावता तो उभा तडकलेला. कागदावर दोन्हींचं पोलाद एकच, नावही एकच. म्हणून पोलादाचं नाव वाचून हुरळून जाऊ नकोस. चांगली कंपनी एखादं मध्यम पोलाद नीट पाणी देऊन विकत असेल, तर तो चाकू भारी नावाच्या पण कशाही भाजलेल्या पात्याहून दहा वर्षं जास्त चालतो.

पोलाद नीट निघालं तरी पुढचा प्रश्न असा, की धार लावणार कोण आणि कशावर? मॅग्नाकटसारख्या पोलादात व्हॅनेडियमचे बारीक, अतिशय कठीण कण असतात. धार टिकते ती त्यांच्यामुळे. तेच कण न्हाणीशेजारच्या काळवत्रीहून कितीतरी कठीण. बाबा सवयीने त्यावर पातं घासत बसतील, ते चकचकीत होईल पण धार येणार नाही, आणि 'पोराने आणलेला चाकू भंगार' असं मनात म्हणतील, तोंडाने म्हणणार नाहीत. असल्या पोलादाला हिऱ्याची कणी बसवलेली पट्टी लागते. साधं कार्बनचं पोलाद मात्र काळवत्रीवर पाच मिनिटांत केस उडवेल अशी धार घेतं. गंजतं, खरं आहे. आंब्याच्या चिकाने काळं पडतं. पण पात्याची निगा बाबांना कुणी शिकवायला नको, चाळीस वर्षांचं पातं समोर आहे.

आणि जाडी! महागाचे चाकू घेणारे इथेच सगळ्यात जास्त फसतात, म्हणून थांबून सांगतो. कापतं ते धारेमागचं पातळ पातं. फ्रान्सच्या सावोया भागातला ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू १८९०पासून निघतो. त्याच्या आठ नंबराच्या पात्याची पाठ दोन मिलिमीटरही जाड नाही. सेबेंझाची सुमारे तीन. टोमॅटो, कैरी, चिकू कापून बघ, वीस-पंचवीस डॉलरचा ओपिनेल पाण्यातून जातो तसा जाईल. महागाच्या पैशांत तुला मिळते ती जुळणी, चाल, टिकाऊपणा आणि पुढे दुरुस्तीची हमी. जास्त चांगलं कापेलच असं नाही. दुकानात जाशील तेव्हा पात्याची पाठ बघून भुलू नकोस, चाकू उभा धरून धारेच्या लगत मागे पातं किती जाड आहे ते बघ. मग डोळे मिटून चार वेळा उघड-मीट कर, आणि तू उजवा असलास तर मुद्दाम डाव्या हाताने कर.

(ओपिनेलच बाबांना का नको, असं विचारशील. त्याची मूठ बीच लाकडाची. कोकणात जूनमध्ये ती फुगली की पातं आतच रुतून बसतं. मुठीचं बूड टेबलावर ठोकून पातं बाहेर काढायची युक्ती तिकडच्या लोकांनीही शोधून ठेवली आहे, पण दुखऱ्या अंगठ्याच्या माणसाला रोज ती कसरत कशाला?)

तर मी काय करेन ते सांगतो. बाबांच्या त्या एका चाकूत दोन कामं कोंबलेली आहेत, ती मी वेगळी करेन.

पहिलं काम कलमाचं. जर्मनीत रॉयटलिंगेन इथे टिना नावाची कंपनी माळीकामाचे आणि कलमाचे घडीचे चाकू करते. पातं कार्बन पोलादाचं, मूठ अक्रोडाची, आत पितळेची पट्टी, धार एका अंगाने. जगभरचे रोपवाटिकावाले तिचं नाव घेतात. डाव्या हाताचे वेगळे मिळतात, ते तसंच लिहून मागवावे लागतात. विसरलास तर उजव्या हाताचा येईल आणि सगळं मुसळ केरात. या चाकूची स्प्रिंग कडक असते आणि उघडायला नखाचीच खाच, हे मला ठाऊक आहे. पण कलमाला बसलेला माणूस सकाळी एकदा चाकू उघडतो आणि गड्डी संपेपर्यंत मिटत नाही. ते एकदाचं उघडणं आई करून देईल. दात लावायची पाळी येणार नाही.

दुसरं काम दिवसभराचं. सुतळी तोडा, खताच्या पिशवीचं तोंड कापा, ठिबकची नळी छाटा, पेटीची पट्टी काढा, पडलेला आंबा कापून आत साका (गर खराब होऊन झालेला गोळा) आहे का बघा. यासाठी चाकू पन्नास वेळा उघडतो आणि अंगठ्याचा छळ होतो तो इथे. हे काम बगआउटचं. पातं न गंजणाऱ्या पोलादाचं घे. साध्या बगआउटला एस३०व्ही नावाचं पोलाद येतं, तेही पुरेसं आहे, मॅग्नाकटसाठी वरचे पैसे घालायची गरज नाही. सोबत हिऱ्याची पट्टी, सहा इंची, मध्यम आणि बारीक अशा दोन बाजूंची. ती कशी वापरायची हे तू स्वतः आधी शिकून घे आणि सुट्टीत एक दुपार बाबांच्या शेजारी बसून दाखव. बेंचमेड कंपनी फुकट धार लावून देते खरी, पण लांज्याहून ऑरेगनला चाकू कोण पाठवणार?

एवढं सगळं मिळून ५०० डॉलरच्या बरंच आत बसेल, आणि ऑरेगनात विक्रीकर नसल्याने लेबलवरची किंमत तीच खरी.

आता थोडं मनातलं बोलू का? तुझ्या मूळ पत्रात सेबेंझा आणि पोलादं यावर अकरा ओळी होत्या, बाबांच्या हातावर तीन. तो चाकू तुला स्वतःला हवाय असं मला वाटतं, आणि त्यात वावगं काही नाही. सुंदर वस्तू आहे. तू कमावतोस, घे. फक्त तो बाबांच्या नावावर घेऊ नकोस. बाबांच्या हाती पडलेला इतका महागाचा चाकू मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात, आईच्या शालूशेजारी जाईल, आणि पाहुणे आले की बाहेर निघेल. तुझ्या खिशात तो रोज उघडेल. घेतलास तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घे, या चाकूच्या हुबेहूब नकला सर्रास विकल्या जातात. मी स्वतः एकदा एका दुकानातून लाटालाटांची नक्षी असलेलं 'दमास्कस' पातं घेतलं होतं. बारीक पॉलिश कागद चार वेळा फिरवला तशी नक्षी गेली, आणि पुन्हा आम्ल लावलं तरी परत आली नाही. खऱ्या थराथराच्या पोलादात ती परत उमटते, ही नुसती वरवर काढलेली होती. पैशांपेक्षा, तीस वर्षं पोलादात काढून मी फसलो हे जास्त लागलं.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या शस्त्र नियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला, आणि घरगुती व शेतीच्या वापरासाठी बनवलेली हत्यारं त्यातूनही वगळली आहेत. तुझे दोन्ही चाकू त्याच्या खूप आत आहेत. मात्र दिल्लीत १९८०ची एक अधिसूचना आहे. बटणाने किंवा तसल्या यांत्रिक करामतीने उघडणाऱ्या, ७.६२ सेंटिमीटर आणि त्याहून लांब पात्याच्या चाकूंवर तिने बंधन घातलंय. बगआउटला उघडणारी स्प्रिंग नाही, पण पातं आठ सेंटिमीटरच्या वर आहे. विमानतळावर हा फरक समजावत बसण्यापेक्षा दिल्लीमार्गे न येता तिकीट मुंबईचं काढ. चाकू चेक-इनच्या बॅगेतच, पावतीसह. हातातल्या पिशवीत कोणताही चाकू चालत नाही. बटण दाबल्यावर फटकन उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला तर जाऊच नकोस, बाबांना त्याचा काही उपयोग नाही आणि पोलिसाला तो शेतकऱ्याचा वाटणार नाही. आणि बाबांना एक सांगून ठेव. निवडणुका, सणवार आले की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७व्या कलमाखाली बंदी आदेश निघतात, त्यात चाकू बाळगणंही येतं. त्या दिवसांत लांज्याच्या बाजाराला जाताना चाकू घरी ठेवावा. बागेत काही प्रश्न नाही.

निगेचं दोन ओळींत. कलमाचं पातं चिकाने माखलं की त्याच दिवशी पुसायचं, सुकवायचं आणि वरून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. सांध्यात मात्र खोबरेल घालू नये, चिकटून बसतं, तिथे शिवणयंत्राचं तेल. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडं ओल धरतं, आणि आठवड्याने पातं काढलं की त्यावर लाल ठिपके.

देताना आईची पद्धत पाळ. आपल्याकडे सुरी हातात देत नाहीत, खाली ठेवतात, समोरचा उचलून घेतो. तसंच कर. जुना चाकू परत मागू नकोस, 'आता तो टाका' असं तर म्हणूच नकोस. त्यापेक्षा जुन्याची धार तुम्ही एकाच अंगाने का लावता, हे त्यांना विचार. तू कधी विचारलं नसशील आणि त्यांनी आपणहून सांगितलं नसेल. तासभर मोकळा ठेवून विचार, आणि दोन ओल्या काड्या हाताशी ठेव.

टिनाची मागणी इतक्यात नोंदवू नकोस. आधी आईला आणखी एक फोटो काढायला सांग. बाबांनी जुना चाकू डाव्या हातात कापताना धरतात तसा धरलेला, आणि शेजारी शाळेची मोजपट्टी. त्यांचा पंजा किती रुंद आहे आणि मूठ बोटांच्या पलीकडे किती उरते ते बघून मग मुठीचं माप सांगतो.